समुद्रातला नांगर

हर्षल वनारेला एका जागी बसवत नसे. लहानपणी जेवायला बसला तरी त्याचा एक गुडघा हलत असायचा, आणि त्याची आई विमलबाई वाढता वाढता तो गुडघा हाताने दाबून धरायची. दहावीनंतर त्याने खामगावच्या आयटीआयला फिटरचा ट्रेड घेतला, तोही एवढ्यासाठीच की तिथे बसून ऐकायचं कमी आणि उभं राहून करायचं जास्त होतं. मग एका जिनिंगमध्ये लागला. कापसाचा हंगाम असेतो यंत्रं थांबत नसत आणि हर्षल खूश असे. हंगाम संपला की तो पिंपळगाव राजाला परत, बापाच्या शेतात. बाप निवृत्ती बोलायला कमी आणि कामाला धिमा. बांधावर उभा राहून सोयाबीनकडे बघत राहायचा. हर्षलला ते सोसत नसे. पाहून पाहून का ते वाढते, असं तो आईजवळ पुटपुटायचा.

जहाजाचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं ते आयटीआयमधल्या एका मित्राने. तो नांदुऱ्याचा, एका मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत लागलेला. तिथे इंजिन कधी बंदच होत नाही, हे त्याने सांगितलं आणि हर्षलचं ठरलं. नवी मुंबईत कोर्स केला, खलाशाचा परवाना काढला. गावात हसायला विषय झाला. ज्या जिल्ह्याच्या मुख्य गावाला अजून रेल्वे नाही, तिथल्या पोराने समुद्रावर जायचं. पण पहिल्या दोन खेपा चांगल्या गेल्या. जहाजं मोठी, कंपन्या नीट, पगार वेळेवर. मधल्या काळात त्याचं सुचिताशी लग्न झालं, छकुली झाली, घरावर स्लॅब टाकून झाला.

तिसऱ्या खेपेला मात्र काम लवकर मिळेना. हर्षल घरभर येरझाऱ्या घालायचा, फोन हातात. अशात एका एजंटाचा निरोप आला की आखातात एक छोटं जहाज आहे, ताबडतोब माणूस पाहिजे. सुचिता गावातल्या सेतू केंद्रात कामाला जात होती, दाखले-अर्ज भरून द्यायचं काम. दिवसभर लोकांना "हे कोठून आणलं, हे कोणी देल्लं" असं विचारायची तिला सवय. तिने विचारलं, "कंपनी कोणाची हाय?"

"एजंट पाह्यते ना ते," हर्षल म्हणाला.

"पण मालक कोण?"

"जहाजाले मालक राह्यतेच. आपल्याले इंजिनाशी काम."

आठवडाभरात तो गेला.

जहाज म्हातारं होतं. त्याचं नाव तीन वेळा बदललं होतं, पुढच्या बाजूला नव्या रंगाखालून जुन्या नावांची अक्षरं फुगून दिसायची. झेंडा आफ्रिकेजवळच्या कुठल्याशा बेटाचा, ज्या बेटावर ते जहाज कधी गेलंच नव्हतं. कंपनीचं कार्यालय एका देशात, मालक राहायला दुसऱ्या देशात, माल तिसऱ्याचा. माणसं जिथून स्वस्त मिळाली तिथली. इंजिनखोलीचा प्रमुख सीरियाचा, पांढऱ्या मिशांचा अबू समीर. वर सुकाणूवर बांगलादेशचा रफिक. स्वयंपाकी आसिफ आपल्याच राज्यातला, दाभोळकडचा. त्याच्या तीन पिढ्या जहाजावर. हर्षलचं बोलणं ऐकून तो पहिल्या दिवशी म्हणाला, "तुझी मराठी ऐकताना असं वाटतं की तू माझ्याशी भांडतोयस."

"अन् तुही आयकून वाटते का तू गाणं म्हणून राह्यला," हर्षल म्हणाला. तिथून त्यांची दोस्ती जमली.

दोन-चार फेऱ्या सिमेंटच्या झाल्या. मग एका बंदरात माल उतरवून जहाज बाहेर आलं आणि किनारा दिसेल इतक्या अंतरावर त्याने नांगर टाकला. पुढच्या मालाचा निरोप यायचा होता. तो आलाच नाही. त्या महिन्याचा पगार आला नाही, पुढच्याही महिन्याचा नाही. मालकाचा माणूस फोनवर गोड बोलायचा, उद्या नक्की म्हणायचा. नंतर तो फोन उचलेना.

घरी हर्षलने खरं सांगितलं नव्हतं. विमलबाईने विचारलं, "जहाज कोठी हाय आता?" तेव्हा तो म्हणाला, "नांगर टाकून उभं हाय."

"समुद्रात नांगर कायले बाप्पा?"

"तो निराळा राह्यते, आई. लोखंडाचा आकडा. जहाज वाहून जाऊ नये म्हणून खाली सोडतात."

विमलबाईला तेवढ्यावर बरं वाटलं. जहाज एका जागी आहे म्हणजे पोरगा सुखरूप आहे, असा तिचा हिशेब.

आधी कप्तान गेला. त्याला रक्तदाबाचा त्रास होता, त्याच्या देशाच्या वकिलातीने त्याला उतरवून घेतलं. मग एकेक करून आणखी काही गेले. उरले चौघं आणि त्यांना सोडायला बंदर तयार होईना. रिकामं जहाज माणसांशिवाय उभं ठेवता येत नाही, असा नियम. बदली माणसं मालकाने पाठवायची आणि मालक तर सापडत नव्हता. पासपोर्ट किनाऱ्यावर कंपनीच्या प्रतिनिधीकडे होते आणि तो म्हणायचा, मलाही माझे पैसे मिळालेले नाहीत, मी कुणाला जबाबदार नाही.

डिझेल पुरवून वापरायचं ठरलं. जनरेटर सकाळी थोडा वेळ लागायचा, तेवढ्यात फोन चार्ज करायचे, पाणी वर चढवायचं. बाकी दिवस लोखंड तापत असायचं. टाकीतलं पाणी गंजाने लाल झालं, ते कापडातून गाळून प्यायचे. आसिफ तांदूळ मोजून शिजवायचा आणि गळ टाकून मासे धरायचा. हर्षलच्या घरी माळकरी वातावरण, त्याने आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. पहिले काही दिवस तो नुसत्या भातावर राहिला. मग एक दिवस मुकाट्याने ताट पुढे केलं. आसिफने त्याला काटे काढून दिले.

उपाशी राहण्यापेक्षा त्याला जड गेलं ते बंद इंजिन. कान त्या आवाजाला सरावलेले, आणि आता खाली उतरलं की नुसता अंधार. तो टॉर्च घेऊन उतरायचा. झडपा फिरवायचा, ग्रीस लावायचा, मोठं इंजिन हाताच्या चक्राने थोडं थोडं फिरवून ठेवायचा, म्हणजे ते आतून गंजून बसू नये. अबू समीर जिन्यावर बसून बघायचा. त्याच्या गावावर बॉम्ब पडले होते, घर राहिलं नव्हतं, त्याला उतरून जायला तरी कुठे होतं. तो मोडक्या इंग्रजीत म्हणायचा, "कोणासाठी करतोस?"

हर्षल चक्र फिरवत राहायचा. हात थांबले की त्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची, एवढंच त्याला कळत होतं. किनाऱ्यावरची हॉटेलं, गाड्या, समुद्रावर फिरायला आलेली माणसं रोज दिसायची. पोहून जावं इतकं जवळ. जिवंत पोचला तर पोलीस परत जहाजावर आणून सोडतील, हेही माहीत.

सुचिताला शेवटी आसिफच्या बायकोकडून कळलं. त्याच दिवशी तिने नवऱ्याला फोन लावला. एवढंच म्हणाली, "मले काऊन नाही सांगितलं?"

"तू काय केलं असतं तथून?"

"ते म्या ठरवलं असतं."

सासऱ्याला घेऊन ती बुलढाण्याला गेली. एका कार्यालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. एका टेबलावरचा माणूस भला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा. मालक तिसरीकडचा. आमचं पत्र पोचायचं तरी कोणाकडे?"

"माणूस तं आपला हाय ना साहेब," निवृत्ती म्हणाला. दिवसभरात तो तेवढंच बोलला.

एजंटाच्या नवी मुंबईतल्या दुकानाला कुलूप होतं. शेजारच्याने सांगितलं, महिन्यापूर्वीच खाली केलं. तिथून परत येताना गाडीत सुचिताला रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग तिने घरी येऊन कामाला लावला. सेतू केंद्रातलं काम संपलं की ती तिथेच कॉम्प्युटरपुढे बसून शोधायची. जहाजाला सात आकडी नंबर असतो आणि नावं बदलली तरी तो बदलत नाही, हे तिला कळलं. त्या नंबरावरून तिने जहाजाची जुनी नावं काढली, जुने मालक काढले. खलाशांची एक जगभरची संघटना आहे, तिचा माणूस मुंबईत बसतो, हे कळल्यावर तिने त्याला इतके फोन केले की शेवटी तो तिचा नंबर बघूनच म्हणायचा, "हां, वनारे ताई, बोला." त्या संघटनेमुळे जहाजावर पाण्याच्या बाटल्या आणि पीठ पोचलं. खटला कोर्टात गेला. पण जहाजाचा लिलाव होईतो माणसं वरच राहणार होती.

मग हिवाळ्यातल्या एका सकाळी वारा सुटला. त्या भागात वायव्येकडून धुळीचा वारा येतो, दोन-तीन दिवस थांबत नाही. रिकामं जहाज पाण्यावर उंच तरंगत होतं आणि वाऱ्याला सगळी बाजू मिळत होती. सगळे चहा पीत होते तेवढ्यात जहाजाला एक हिसका बसला. रफिक धावत वर गेला आणि तिथून ओरडला की नांगराची साखळी तुटली.

जहाज किनाऱ्याकडे सरकू लागलं. धुळीत काही दिसत नव्हतं, पण सरकतंय हे पायांना कळत होतं. आसिफ कठड्याला धरून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. "जाऊ दे," तो हर्षलला म्हणाला. "वाळूत जाऊन बसू दे. आपण उतरून चालायला लागू. जमीनच येतेय आपल्याकडे."

हर्षललाही तेच वाटलं. नंतर घरी सांगताना त्याने हे लपवलं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याचं अंग हलकं झालं होतं. काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं, आणि सुटका.

तेवढ्यात धूळ जरा विरळ झाली. समोर वाळू नव्हती. मासेमारीचा धक्का होता आणि वाऱ्यामुळे आत येऊन दाटीने बांधलेल्या लाकडी होड्या. त्या होड्यांवरची माणसं होडीतच राहतात, हे रफिकला माहीत होतं. त्यातली निम्मी त्याच्याच देशाची. त्याने बंदराला रेडिओवरून कळवलं. बंदर म्हणालं, वाऱ्यात टग, म्हणजे जहाज ओढणारी बोट, बाहेर काढता येत नाही.

रफिक वरून वाकला. नुसता खाली इंजिनखोलीच्या दाराकडे बघत राहिला.

"डिझेल आहे ते जनरेटरपुरतं," अबू समीर म्हणाला. "ते जाळलं तर उद्यापासून उजेड नाही, पाणी नाही."

हर्षल तोवर जिना उतरायला लागला होता. अबू समीर त्याच्यामागे आला. मोठं इंजिन सुरू होतं ते दाबून भरलेल्या हवेच्या धक्क्याने, आणि टाकीत हवा होती एकदाच जेमतेम पुरेल इतकी. ती गेली तर दुसरी भरायला वेळ नव्हता. अबू समीरने झडपेवर हात ठेवला, हर्षलने डिझेलच्या दांड्यावर. वरून रफिकचा आवाज आला. म्हाताऱ्याने झडप उघडली. इंजिन एकदा खोकलं, थांबल्यासारखं झालं, आणि मग लागलं.

त्या आवाजाने हर्षलच्या अंगावर काटा आला. अबू समीरने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि अरबीत काहीतरी बोलला, त्याचा अर्थ हर्षलला आजही माहीत नाही.

जहाज वळलं, फार नाही. धक्क्याच्या दगडी टोकाला घासून, कडेच्या दोन रिकाम्या होड्यांचा चुरा करून ते पुढे गेलं. होड्यांतली माणसं धक्क्यावर उड्या मारून उभी होती, हात वर करून ओरडत होती. मग डिझेल संपलं. इंजिन बंद पडलं आणि जहाज एका मोठ्या हॉटेलसमोरच्या वाळूत जाऊन तिरकं बसलं.

त्यांना उतरवून घेतलं ते पोलिसांनी. किनाऱ्याचं नुकसान केलं म्हणून चौकशी झाली, एका खोलीत ठेवलं. ज्या मालकाला इतके महिने कोणत्याही कार्यालयाने शोधलं नव्हतं, त्याला आता बंदरानेच शोधायला घेतलं, कारण जहाज हॉटेलच्या दारात होतं आणि त्याचे फोटो सगळीकडे गेले होते. सुचिताने ते फोटो मुंबईच्या माणसाला पाठवले, त्याने वकिलातीला. थोड्याच दिवसांत चौघांना आपापल्या घरची तिकिटं मिळाली. अबू समीरला घर नव्हतं, त्याचं तिकीट तुर्कस्तानातल्या छावणीत राहणाऱ्या भावाकडचं होतं. निघताना तो विमानतळावर हर्षलकडे बघून हसला आणि गर्दीत गेला. थकलेल्या पगाराचा काही भाग पुढे लिलावातून मिळाला, काही बुडाला.

हर्षल नांदुऱ्याला गाडीतून उतरला तेव्हा निवृत्ती फलाटावर होता. त्याने पोराला पाहिलं, त्याची पिशवी हातात घेतली आणि पुढे चालायला लागला. घरी विमलबाईने हात फिरवून फिरवून त्याच्या बरगड्या बघितल्या. छकुली आधी लाजली, मग पायाला चिकटली ती सुटेना.

आता सगळं ठीक व्हायला पाहिजे होतं. पण हर्षलला घरात बसवेना. नळ सुरू असला की तो उठून बंद करायचा, लगेच जाऊन परत सुरू करून बघायचा. जेवताना पोळी खिशात ठेवायचा आणि सुचिताला धुताना कपड्यांत तुकडे सापडायचे.  एकदा पंखा बंद पडला, वीज गेली होती, तर तो दचकून उभा राहिला आणि वीज येईपर्यंत अंगणात फिरत राहिला.

निवृत्तीने त्याला शेतात नेलं. बांधावर दोघं उभे राहिले. "काय पाह्यता बाबा एवढं?" हर्षलने विचारलं.

"काही नाही," निवृत्ती म्हणाला. "उभं राह्याचं. मले तं बरं वाटते."

हर्षलने प्रयत्न केला. थोडा वेळ उभा राहिला, मग मोटारीचा नट ढिला वाटतो म्हणून विहिरीकडे गेला.

जुन्या जिनिंगने त्याला परत घेतलं. त्या हंगामात बाहेरच्या देशातला कापूस स्वस्तात आला, इथल्या कापसाचा उठाव कमी झाला, आणि मालकाने एक पाळी बंद केली. पुढच्या आठवड्यात दुसरीही कमी केली. मालक वाईट माणूस नव्हता. "हर्षल, मी काय करू सांग," तो म्हणाला. "तिकडं कोणतरी बटण दाबते अन् इथं माह्या मशिनी बंद होतात."

त्या संध्याकाळी हर्षल लवकर घरी आला. सुचिता छकुलीचे केस विंचरत होती. तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "दोन ठिकाणाहून विचारणा आली हाय. जहाजाची."

सुचिताचा हात थांबला. विमलबाई आतून ऐकत होती, ती बाहेर आली. "नोको जाऊ लेका. इथी अर्धी खाऊ."

"इथी तरी कोठं खात्री हाय, आई? तथी मालक दिसत नव्हता. इथी दिसते, पण त्याच्याच हातात काही नाही."

सुचिताने छकुलीची वेणी पुरी केली. मग म्हणाली, "जहाजाचे नंबर द्या मले."

पहिलं जहाज तिने दोन दिवसांत नाकारलं. त्याच मालकाचं दुसरं जहाज कुठेतरी अडकून पडलेलं निघालं. दुसऱ्याचा विमा संपत आला होता. हर्षल चिडला, म्हणाला, अशानं तू मले कधीच जाऊ देणार नाही. ती म्हणाली, "तुमी जासान. पण ज्याचा मालक मले फोनवर सापडन, त्याच्याच जहाजावर." हर्षल रागाने बाहेर गेला, गावाला एक चक्कर मारून आला आणि गुपचूप जेवायला बसला. दोन महिन्यांनी एक जहाज तिने पास केलं. विमा होता, कराराला संघटनेची मान्यता होती, आणि त्या कंपनीतल्या एका बाईने सुचिताच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं सरळ दिली होती. फोन ठेवल्यावरही सुचिता खुर्चीत तशीच बसून राहिली. तिला वाटलं होतं की उत्तरं मिळाली म्हणजे बरं वाटेल.

हर्षल गेला त्याला आता काही महिने झाले. नंबर टाकला की जहाज कुठे आहे, चालतंय की उभं, ते फोनवरच्या नकाशात दिसतं, आणि सुचिता रोज सकाळी ते बघते. तो गेला आणि सुचिताकडे लोक यायला लागले. मोताळ्याकडून एक, मेहकरकडून एक. कोणाचा मुलगा जहाजावर, कोणाचा नवरा गोदामात, कोणाची मुलगी परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेलेली. ती पैसे घेत नाही. विमलबाई कुरकुर करते आणि आलेल्यांना चहा देते.

गेल्या आठवड्यात ती कोकिळा नावाच्या बाईला घेऊन बुलढाण्याला निघाली. कोकिळाचा नवरा कचरू आखातात ड्रायव्हर, त्याचा फोन पंधरवड्यापासून बंद. बस खामगावहून निघून बोथ्याच्या घाटाला लागली. कोकिळा खिडकीकडे तोंड करून बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"ते टेबलावरचे साहेब आपल्याले भेटतीन का?" तिने विचारलं.

"भेटतीन. नाही भेटले तं बसू आपण तथीच."

 वळणावर बस कलली तशी कोकिळाने पुढच्या सीटचा दांडा धरला.

"अन् तुमचे कुठी हायेत आता?"

"समुद्रात," सुचिता म्हणाली. "जहाज चालून राह्यलं."

असं म्हणून तिने मांडीवरचा फोन उलटा करून बघितला. घाटात रेंज नव्हती. "सकाळी पाह्यलं तव्हा तरी," ती म्हणाली, आणि रेंज कुठे येते ते बघत राहिली.